कुठल्याही कागदावर सही करू नकोस

सोलापूर

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

काल रशियाहून फोनवर तू "पुतिनचीही बाजू समजून घ्या" म्हणालास आणि बाबा न बोलता गच्चीवर निघून गेले. मी बाजू समजून घेतली आहे रे. 24 फेब्रुवारी 2022 ला युक्रेनवर हल्ला करतानाच्या भाषणात पुतिननी सांगितलं होतं, की नाटो दाराशी आलंय, युक्रेनच्या पूर्वेकडल्या डोनबासमध्ये वंशसंहार चाललाय, युक्रेनला नाझींपासून सोडवायचंय. नाटो पूर्वेकडे सरकलं हे खरं. पण नाझी? 2019 मध्ये लोकांनी निवडून दिलेला तिथला अध्यक्ष ज्यू आहे, त्याचे आजोबा लाल सैन्यातून हिटलरशी लढलेले. वंशसंहाराचा पुरावा तर आंतरराष्ट्रीय न्यायालयालाही दिसला नाही. आणि तीनच दिवस आधी हेच गृहस्थ सांगत होते, की युक्रेन लेनिनच्या बोल्शेविकांनी घडवला. शेजाऱ्याचा देशच खरा नाही म्हटल्यावर घुसायला कारण काय, कुठलंही चालतं.

असो. तुला इतिहास शिकवायला बसले नव्हते, रागावू नकोस. विचारायचं होतं ते वेगळंच. तो एजंट पुन्हा भेटला का? "हेल्पर"चं काम, भरपूर पगार, नंतर पासपोर्ट, असंच सांगून आपली कितीतरी पोरं युद्धाच्या आघाडीवर नेली. काही परत आलीच नाहीत, आपल्या सरकारनंच ते मान्य केलंय. रशियन कागदावर सही करू नकोस.

सातवीत असताना इथल्या डॉ. कोटणीस स्मारकातून तुझा पाय निघेना. काचेला नाक लावून उभा होतास. घरी येऊन आजीला म्हणालास, मीपण असाच डॉक्टर होणार. केवढी फुशारले होते मी! कोटणीसांच्या काळी जपानही आशियाच्या भल्याच्या गोष्टी सांगतच चीनमध्ये घुसला होता. 1938 ला आपले सोलापूरचे कोटणीस चीनला गेले ते जखमा शिवायला. बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण आता ते झोपू देत नाही.

तू चांगला डॉक्टर होशील, याबद्दल मनात शंका नाही. पण तुझ्या कुर्स्क शहरापासून युक्रेनची सीमा किती जवळ आहे, ते मी नकाशात पाहिलंय.

शेंगा चटणी आणि कडक भाकरी काकूंच्या भाच्याबरोबर पाठवतेय. भाकरीचा डबा वेगळा ठेव, नाहीतर सादळतील. पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नकोस. कॉलेजचा का असेना, कागद समोर आला की आधी फोटो काढून मला पाठव. सही नंतर.

तुझी,
आई