पहिले रेल्वे इंजिन ट्रेव्हिथिकचे

रेल्वे इंजिनाचा शोध कोणी लावला, असे विचारले की आपल्याकडे मुले जॉर्ज स्टीफन्सनचे नाव घेऊन मोकळी होतात. स्टीफन्सनचे कर्तृत्व मोठेच आहे. पण १८२९ साली स्टीफन्सनचे 'रॉकेट' हे इंजिन धावण्याच्या पाव शतक आधी, २१ फेब्रुवारी १८०४ रोजी, वेल्समधील पेनीडॅरन येथून रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि सुमारे ७० माणसे ५ वाघिणींतून रुळांवरून पावणेदहा मैल ओढत नेली. चार तास लागले, कारण वाटेतली झाडे तोडावी लागली, मोठे धोंडे हटवावे लागले!

जेम्स वॉट ज्या उच्च दाबाच्या वाफेला धोकादायक मानत असे, तीच ट्रेव्हिथिकने वापरली. म्हणून तर इंजिन चाकांवर मावेल एवढे आटोपशीर झाले. घात केला तो रुळांनी. बिडाचे ते रूळ इंजिनाच्या वजनाने मोडू लागले आणि प्रयोग थांबला. १८३३ मध्ये हा माणूस कफल्लक अवस्थेत वारला. अंत्यसंस्काराचा खर्चही कारखान्यातल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून केला. शालेय पुस्तकांत स्टीफन्सनच्या आधी त्याच्यासाठी निदान दोन ओळी असाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मिरज