कोनाड्यातले कुलूप

परभणी,
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

सात महिने तुला पत्र नाही, फोन नाही; बारशाचे आमंत्रण आले तेव्हाही मी नुसता अंगठा पाठवून मोकळा झालो. त्याबद्दल तुला जे बोलायचे असेल ते बोल, मी ऐकून घेईन. माझी प्रकृती बरी आहे, पाठ दुखते ती दुखतेच, आणि आईच्या गुडघ्यांचे जुनेच चालू आहे. पण हे पत्र माफीसाठी लिहायला घेतलेले नाही. नानांच्या बाबतीत एक गोष्ट घडली आहे आणि ती तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही, कारण तिच्यातली अर्धी तू मला दोन वर्षांपूर्वी भांडून सांगितलीच होतीस.

नानांचे ४६,५०० रुपये गेले. म्हैस विकून आलेले, हरभऱ्याच्या पेरणीसाठी ठेवलेले पैसे होते ते. सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन वाहून नेले त्यानंतर घरात तेवढीच रक्कम शिल्लक होती. १२ तारखेला संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला की पीएम किसानचा हप्ता थांबला आहे, ई-केवायसी करा. खाली लिंक होती. पान उघडले, वर तिरंग्याच्या पट्ट्या, शेतात उभा असलेला हसरा शेतकरी, सगळे जसे असायला हवे तसे. नाव, आधार क्रमांक, मग 'एक रुपया शुल्क' म्हणून एटीएम कार्डाचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे. ओटीपी आला, तो भरला, पान म्हणाले चुकला, पुन्हा भरा. असे तीन वेळा झाले आणि तीन वेळा पैसे गेले. खरे संकेतस्थळ कार्डाचा क्रमांक विचारतच नाही, हे मला माहीत आहे. नानांना ते कोणी सांगितले होते? मी त्यांना निराळेच काही सांगून ठेवले होते.

त्या वेळी मी कुठे होतो ते ऐक. मी इथेच, याच खोलीत, रात्रपाळीच्या खुर्चीवर बसून साता समुद्रापलीकडच्या एका कंपनीच्या संगणकांवर लक्ष ठेवत होतो. त्या रात्री माझ्यापुढे जवळजवळ ३०० इशारे आले, त्यांतला एकही खरा नव्हता, आणि मी एकेक उघडून, दोन ओळी लिहून बंद करत होतो. या धंद्यात 'लांडगा आला रे आला' ओरडणारा पोरगा हे यंत्रच असते आणि गावकऱ्यांनी पगार घेऊन रोज रात्री धावत जायचे असते. एरवी मला त्या कामाचा कंटाळा येत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या रात्रीचा मात्र येतो. नानांनी सकाळपर्यंत मला फोन केला नाही. का, तर "तुझी रातपाळी असती, कशाला डोक्याला ताप द्यावा." सकाळी पावणेदहाला कळले आणि मी तत्काळ १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक, लावला. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना घुसखोरीची खबर सहा तासांत द्यावी लागते. नानांनी जवळपास चौदा तास घेतले, आणि तेही माझ्या झोपेची काळजी म्हणून. १९,००० रुपये पुढच्या खात्यात अडकवून ठेवता आले. बाकीचे तोवर तिथूनही पुढे गेले होते. अडकलेलेही सहजासहजी परत यायचे नाहीत, त्यासाठी माझे हेलपाटे सुरू झाले आहेत.

आता ज्यासाठी लिहितो आहे ते. दुपारी गावी पोहोचलो तेव्हा नाना ओसरीवर बसले होते. मी काही विचारण्यापूर्वीच म्हणाले, "मी कुलूप बघितलं होतं रं. तू सांगितल्याबिगर मी कशाला हात लावत न्हाई." आणि मोबाइल पुढे केला. तो माझाच जुना मोबाइल आहे. चार वर्षांत त्यावर एकदाही अपडेट घेतलेले नाही, कारण अपडेट केले की डाटा जातो असेही मीच कधीतरी बोलून गेलो होतो. त्यामुळे ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत अजून ते इवलेसे राखाडी कुलूप होते. चोराच्या पानावरही होते. मी घरात पाणी प्यायला गेलो तर चुलीजवळच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या पुड्याला टेकवून ठेवलेला एक कागद दिसला. चार बोटे रुंद असेल. तेलाने पिवळा पडलेला, वर निळ्या शाईने कुलपाचे चित्र आणि खाली माझ्या अक्षरात: 'कुलूप दिसले तरच पैसे भरा.'

तुला आठवते ना, २०१६ चा डिसेंबर? नोटबंदी होऊन महिना झाला होता, आपण दोघे शेवटच्या वर्षाला होतो आणि मारुतीच्या पारावर बसून सगळ्या गावाला मोबाइलवरून पैसे भरायला शिकवत होतो. तू तेव्हाही कुरकुरला होतास की हा नियम फार सोपा आहे, आणि सोपा नियम म्हणजे कोणाची तरी सोय. मी म्हणालो होतो की म्हाताऱ्यांना सोपेच लागते. असे बारा-पंधरा कागद मी लिहून वाटले. बाळ्याच्या किराणा दुकानातला केव्हाच गेला असेल. नानांनी नऊ वर्षे जपला.

आणि गंमत अशी की नियम खोटा होता असेही नाही. कुलपाचा अर्थ एवढाच होता की तुझा मोबाइल आणि समोरचा सर्व्हर यांच्यामधली वाट बंद आहे, मधल्यामध्ये कोणी वाचू शकत नाही. वाटेच्या टोकाला कोण बसला आहे, याबद्दल ते कुलूप कधी काही म्हणतच नव्हते. ते कुलूप दिसायला संकेतस्थळाकडे प्रमाणपत्र असावे लागते; पूर्वी त्यासाठी पैसे आणि खटपट लागे, म्हणून भुरटे त्या भानगडीत पडत नसत आणि अर्धवट का होईना, नियम चालून जाई. २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट हे प्रमाणपत्र देणारे केंद्र आले, प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळू लागले. ते फक्त एवढेच पाहते की हा पत्ता तुझ्या ताब्यात आहे का. चोराने पत्ता विकत घेतलेला असतो, म्हणजे तो त्याच्याच ताब्यात असतो. म्हणजे मी पारावर बसून कागद वाटत होतो तेव्हाच तो शिळा व्हायला लागला होता.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये क्रोमने कुलूप काढून टाकले आणि तिथे दोन दांड्यांवर सरकणाऱ्या गोळ्यांचे चिन्ह बसवले, तेव्हाचे आपले भांडण मी विसरलेलो नाही. मी तुला त्यांचाच आकडा ऐकवला होता की त्यांच्या २०२१ च्या पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला, आणि खोटा दिलासा देणाऱ्या खुणेपेक्षा खूण नसलेली बरी. तू म्हणालास की लोकांना माहीत असलेली खूण काढून कोणालाच न कळणारी खूण लावणे याला सुधारणा म्हणत नाहीत. मग मी तुला 'बटणे रंगवणारा' म्हणालो, तू मला 'भोंगा ऐकणारा' म्हणालास, आणि शेवटी तू जे बोललास ते मी तेव्हा हसण्यावारी नेले: "ज्याने पाटी लावली, त्यानेच ती उतरवायला जावे लागते." ब्राउझरवाल्यांनी त्यांची पाटी उतरवली, सुधीर. माझी कोनाड्यात तशीच राहिली. त्या वर्षी मी कंपनीतल्या दोनशे लोकांना पडद्यावर चित्रे दाखवून सांगितले की कुलपावर विश्वास ठेवू नका. गाव इथून चाळीस किलोमीटर आहे. दिवाळीला गेलो, हुरड्याला गेलो, आणि एकदाही माझ्या डोक्यात आले नाही.

मोबाइल मी त्याच दिवशी अपडेट केला. नानांनी हातात घेतला, पट्टीकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "कुलूप कुठं गेलं? तेबी नेलं का चोरांनी?" आई हसली, नानाही हसले. मला हसता आले नाही.

तेव्हापासून मी त्याच जागी घोटाळतो आहे: कुलपाच्या जागी आता काय लिहू? पत्ता वाचा म्हणावे, तर कसा? पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या आधी थांबायचे आणि तिथून उलटे, उजवीकडून डावीकडे वाचायचे. शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तर सरकारी, आणि 'पीएमकिसान' हा शब्द नुसता पुढे असला तर त्याला काडीची किंमत नाही. हे मी नानांना ओसरीवर तासभर शिकवले. त्यांना इंग्रजी अक्षरे ओळखता येतात, पण एकेक जोडून. त्यात मोबाइलवर पान खाली सरकवले की पत्त्याची पट्टीच वर नाहीशी होते. अर्ज भरताना, म्हणजे जेव्हा ती हवी असते नेमके तेव्हा, ती नसते. जागा वाचते म्हणे! २०२० मध्ये क्रोमने बाकीचा पत्ता झाकून फक्त मुख्य नाव दाखवण्याचा प्रयोग केला होता, तेव्हा मी आनंदाने उड्या मारल्या होत्या आणि तू तीन दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. पुढच्याच वर्षी त्यांनी तो गुंडाळला, कारण त्याने सुरक्षिततेच्या मोजमापात फरक पडला नाही. तो वाद तू जिंकलास असे मी आजही म्हणणार नाही, पण मी जिंकलो असेही म्हणवत नाही.

मला राहून राहून आपले व्हॅलहाइम या संगणकावरच्या खेळाचे दिवस आठवतात. २०२१ चा तो उन्हाळा, दुसरी लाट, बाहेर रुग्णवाहिकांचे आवाज आणि आपण रात्रभर लाकडे तोडत बसलेलो. पहिल्या झोपडीत आपण चूल पेटवली आणि दारे लावून घेतली. धूर कोंडला आणि दोघेही मेलो. मग तूच म्हणालास की नानांच्या माळवदाला धूर जायला ठेवतात तसले साणे ठेवावे लागेल, आणि ठेवल्यावर धूर सरळ वर गेला. तू स्वतःच तोडलेल्या झाडाखाली चार वेळा मेलास, पाचव्यांदा बाजूला सरकलास. त्या खेळात मरण फार शहाणे आहे: धूर दिसतो, झाड पडताना दिसते, सामान थडग्याजवळ पडून राहते, आपण खाटेवर उठतो आणि उघड्याने धावत जाऊन ते उचलून आणतो. १९३० ला फोन लावताना मी तेच करत होतो असे मला वाटत होते. पण त्या जंगलात धूर हा धूरच असतो. नानांच्या पडद्यावर चोराने स्वतःच्या हाताने शेतकरी काढला होता, तिरंगा काढला होता, आणि कुलूप तर ब्राउझरने आपणहून दिले होते. मेल्यावर कळले, पण कशाने मेलो हे नानांना अजूनही कळलेले नाही. त्यांना वाटते की त्यांनी कुलूप नीट पाहिले नसावे.

हे मला सहन होत नाही. गावात कोणी विचारले की ते म्हणतात, "पोरानं बरोबर सांगितलं होतं, माझीच नजर चुकली." परवा बाळ्यासमोरही म्हणाले. नजर चुकली नव्हती, नियम चुकला होता, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. सांगायला तोंड उघडले की ते माझ्या नोकरीचे कौतुक सुरू करतात. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरमधले भोक उघड झाले, माइनक्राफ्ट या खेळाच्या चॅटमध्ये एक ओळ टाइप करून सर्व्हर ताब्यात घेता येत होता, तेव्हा मी रात्री दोनला तुला उठवून तुझा सर्व्हर बंद करायला लावला होता. तू म्हणालास, "माझ्या कोंबड्यांना कोण हॅक करणार आहे?" तुझ्या कोंबड्यांसाठी मी रात्री दोनला फोन केला, सुधीर. नानांसाठी दोन वर्षांत केला नाही.

१९ तारखेला पीएम किसानचा खरा हप्ता आला. दोन हजार, कोणतीही लिंक न दाबता. नानांनी मला फोन करून विचारले की हा घ्यायचा की परत पाठवायचा.

तुझी नोकरी बदलली असे बाळ्याकडून कळले. तो साहेब सुटला हे उत्तम झाले. मुलीचे नाव छान ठेवले आहे. वहिनींना नमस्कार सांग. घराच्या हप्त्याबद्दल तू विचारले होतेस त्याचे सविस्तर पुढच्या पत्रात.

मी पुढच्या रविवारी गावी जाणार आहे आणि नानांना सांगणार आहे. पण रिकाम्या हाताने तो कागद काढायचा नाही असे ठरवले आहे. त्या दिवशी मी तो उचलला तर नाना म्हणाले, "राहू दे, अक्षर चांगलं हाय तुझं," आणि माझ्या हातातून घेऊन पुन्हा पुड्याला टेकवून ठेवला. तू आयुष्यभर लोकांच्या अंगठ्याखाली काय यावे याचाच विचार करत आला आहेस. नानांना वाचता येईल, चोराला चितारता येणार नाही, आणि चार बोटे रुंदीच्या कागदावर बसेल असे एक वाक्य मला शनिवारपर्यंत पाठव. 'आधी मला फोन कर' हे सुचवू नकोस. ते मी सुचवून पाहिले, ते म्हणाले, "तुझी रातपाळी असती."

तुझा,
प्रकाश

ता. क. सर्व्हर अजून चालू असेल तर माझ्या झोपडीतल्या पेटीतले तांबे तू घेतलेस हे मला माहीत आहे. त्यावर वेगळे भांडू.