दुय्यम पिसांचे महत्त्व

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील पक्ष्यांच्या उड्डाणावरील लेखात पंखांची ‘दुय्यम पिसे’ कमी महत्त्वाची ठरवली आहेत, हे पटण्यासारखे नाही. पिसे कोणत्या हाडाला जोडलेली आहेत, यावरून ही वर्गवारी होते : प्राथमिक पिसे मनगटापुढच्या हाडांवर आणि दुय्यम पिसे कोपर व मनगट यांमधील हाडावर रुजलेली असतात. प्राथमिक पिसे मुख्यतः पुढे जाण्याचा जोर देतात, तर दुय्यम पिसे पक्ष्याला हवेत तोलून धरतात. म्हणूनच समुद्रावर तासन्‌तास हवेत तरंगणाऱ्या अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या एकेका पंखात ती ३०हून अधिक असतात, इवल्या हमिंगबर्डच्या पंखात मात्र जेमतेम ६ किंवा ७. शाळकरी मुले या पुरवणीची कात्रणे आवर्जून जपतात, म्हणून पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

– एक पक्षिनिरीक्षक, पुणे