शेफील्डहून: २७२ नंबरची बस आणि आई-डोंगर

प्रिय आई, बाबा,

शि.सा.न.

व्हिसा आला हे ऐकल्यापासून डोक्यात एकच चालू आहे, तुम्हाला कुठे कुठे न्यायचं. आई दर फोनला विचारते की सुट्टीच्या दिवशी एकटी काय करतेस, आणि मी नुसतं "जाते फिरायला" म्हणते आणि विषय संपतो, कारण ते फोनवर नीट सांगताच येत नाही. आज नाइट ड्युटी नाहीये, म्हणून निवांत लिहायला बसले.

तर मी जाते ती बसने. गाडी घेतली नाही अजून आणि घ्यावीशी वाटतही नाही. शेफील्डच्या बस स्टँडवरून २७२ नंबरची बस सुटते, ती शहर सोडून माळावर चढते आणि साधारण तासाभरात कासलटन नावाच्या गावात नेऊन सोडते. तिकीट सध्या जास्तीत जास्त ३ पौंड, २०२३ साली २ होतं, सरकारनेच मर्यादा घालून दिलीय, कितीही लांब जा. बाबा, कंडक्टर नसतो हं! ड्रायव्हरच तिकीट देतो, किंवा कार्ड टेकवलं की झालं, आणि उतरताना म्हातारी-कोतारी, शाळेची पोरं, सगळी ड्रायव्हरला थँक्यू म्हणून उतरतात. मला ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तुम्हीच आठवलात, भोर डेपोत इतकी वर्षं डबल बेल मारलीत तुम्ही, किती जणांनी म्हटलं असेल असं? डबलडेकर आली तर वर पुढची सीट धरायची, हॅदरसेज गावाच्या आधी एक वळण आहे, ते वळलं की अख्खी होप व्हॅली एकदम समोर उघडते. त्या वळणाचं नावच सरप्राइज व्ह्यू आहे, आणि बरोबर ठेवलंय.

कासलटनच्या डोक्यावर मॅम टॉर आहे, ५१७ मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे टेकडीच म्हणा, पण नावाचा अर्थ आई-डोंगर! याची एक बाजू सतत ढासळत असते आणि त्या ढासळलेल्यातून पायथ्याशी छोट्या छोट्या टेकड्या झाल्यात, म्हणून ती आई असं सांगतात. बाबा, इथे एक गोष्ट खास तुमच्यासाठी आहे. याच उतारावरून पूर्वी मोठा रस्ता जायचा, पावसाचं पाणी मुरलं की खालचा ठिसूळ दगड सरकायचा आणि रस्ता तुटायचा, पुन्हा बांधायचे, पुन्हा तुटायचा, अगदी आपल्या वरंधा घाटासारखं. शेवटी १९७९ मध्ये नाद सोडला आणि कायमचा बंद केला. आता त्या तुटक्या डांबरावरून चालत वर जाता येतं, मधला पांढरा पट्टा अजून दिसतो आणि पुढच्या पावलाला रस्ता पुरुषभर खाली गेलेला. डांबराचे थरावर थर दिसतात, किती वेळा दुरुस्त केला असेल ते मोजत बसावं. तुम्ही तिथे तासभर तरी थांबाल, मला माहितीये.

वरून धारेवरून हॉलिन्स क्रॉसपर्यंत चालायचं, दोन्हीकडे दऱ्या, आणि तिथून परत गावात. या खिंडीतून पूर्वी पलीकडच्या एडेलचे लोक प्रेतं खांद्यावर घेऊन होप गावच्या चर्चला जायचे, कारण त्यांच्याकडे चर्चच नव्हतं. थंडीत, बर्फात, एवढा चढ. तिथे बसून डबा खाताना मला दर वेळी ते आठवतं.

आता मला सगळ्यात जास्त आवडतं ते सांगते. इथे पायवाटा लोकांच्या शेतातून जातात. खाजगी शेत, मालक कुंपणाच्या आत मेंढ्या चारतोय, आणि आपण फाटक उघडून सरळ मधून चालत जायचं, आणि तो आपला हक्क आहे! आपल्याकडे वहिवाट म्हणतो ना तेच, फक्त ही कौन्सिलच्या नकाशावर नोंदलेली असते आणि मालकाला ती अडवता येत नाही. खांबावर पिवळा बाण म्हणजे पायी जायची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकललाही चालते. मी केशरी कव्हरचा नकाशा घेतलाय, १:२५,०००, त्यात या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवतात, प्रत्येक शेताची भिंतसुद्धा आहे त्यात. बांधाच्या वाटेवरून काकांनी तहसीलदारांकडे किती चकरा मारल्या ते आठवलं की हा नकाशा हातात घेताना भरून येतं. आपली जबाबदारी एवढीच, की फाटक जसं होतं तसं ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद तर बंद. आणि वासरांसकट गाई असतील तर लांबून जायचं, हे आईला सांगायलाच नको.

भिंती म्हणजे आपले गडगेच गं आई, तुझ्या माहेरी होते तसे, माती नाही सिमेंट नाही, दगडावर दगड. भिंत ओलांडायला मधेच पायरीचे दगड बाहेर काढलेले असतात.

हे सगळं आयतं मिळालेलं नाही. वाटा असल्या तरी वरचे मोकळे माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी बंद असायचे. २४ एप्रिल १९३२ ला, रविवारी, मँचेस्टर आणि शेफील्डकडची शेकडो कामगार पोरं मुद्दाम बंदी मोडून किंडर स्काउट नावाच्या इथल्याच उंच माळावर चढली, पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये नॅशनल पार्कांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे हाच सगळा डोंगराळ भाग, हे देशातलं पहिलं नॅशनल पार्क झालं. त्या कामगार पोरांना आठवड्यात एकच सुट्टी मिळायची हो. माझी आठवड्याची ड्युटी संपवून मी तिथे उभी राहते तेव्हा ती पोरं मला फार जवळची वाटतात.

आई, तुझ्या गुडघ्यांचं मी विसरले नाहीये. मागच्या नोव्हेंबरमध्ये मी रविवारी शनिवारचं टाइमटेबल बघून गेले आणि परतीची बस चुकली, पुढची बरीच उशिरा होती आणि अंधार तर चारलाच पडायला लागतो. मग नकाशा काढला आणि ओढ्याच्या काठाकाठाने शेतातून होप गावाकडे चालत निघाले, तिथून रेल्वे आहे. घाबरले होते खरी, पण ती वाट इतकी सुंदर निघाली! जवळपास सपाट, अडीचेक किलोमीटर, बाजूला पाणी, मागे वळून पाहिलं की आई-डोंगर. नंतर मी चार वेळा मुद्दाम गेले तिथे. ती तुझी वाट. बाबा आणि मी मॅम टॉर चढून येईपर्यंत तू कासलटनमध्ये चहा-स्कोन घेऊन बस, मग तिघं मिळून होपपर्यंत जाऊ, तिथून हीच २७२ परत मिळते. मे महिन्यात याल तेव्हा कोकरं असतील आणि कुंपणाची काटेरी झाडं पांढऱ्या फुलांनी भरलेली असतील, उजेड रात्री नऊपर्यंत, त्यामुळे घाई नाही.

सामानाचं सांगते. चालायचे बूट पुण्यातच घ्या, नीट ग्रिपचे, आणि आत्तापासून रोज घालून नदीपर्यंत जाऊन या, नवे बूट इथे येऊन पहिल्यांदा घालू नका, फोड येतात. छत्री नको, वर वाऱ्यात उलटी होते, रेनकोट घ्या. स्वेटर मे असला तरी लागेलच. आई, भाजणी आण, डब्याला थालीपीठच न्यायचंय मला त्या धारेवर. आणि बाबांचा एसटीचा जुना पंच बॅगेत टाकशील का, इथल्या ड्रायव्हरला दाखवायचाय.

तुमची,
मनू