रॅक बदलण्याआधी तपासणी व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या खासगी मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले, तरीही पुण्यात अशा गाड्या जपून वापरणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. या मंडळींना गॅरेजमध्ये हमखास ऐकावे लागणारे एक निदान म्हणजे ‘पॉवर स्टिअरिंगचा रॅक गेला’. रॅक म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे पुढच्या चाकांपर्यंत पोहोचवणारा दात्यांचा दांडा. वळवताना स्टिअरिंग थरथरते एवढीच तक्रार मालकाने सांगितलेली असते आणि तेवढ्यावरच रॅक किंवा पंप, म्हणजे त्या यंत्रणेतील सर्वांत महागड्या दोन वस्तू, बदलण्याचे एस्टिमेट त्याच्या हातात पडते. यंत्र अभियांत्रिकीत नोकरी करून निवृत्त झालेला एक वाचक म्हणून या घाईविषयी लिहावेसे वाटते, कारण ही थरथर कुठून येते हे शोधण्यासाठी लागणाऱ्या बहुतेक चाचण्यांना ना महागडे यंत्र लागते ना फार वेळ.

मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारायला हवा तो ‘थरथर केव्हा होते?’ हा. गाडी जागेवर उभी असताना चाके वळवली की होते, की ताशी ८०-९० किलोमीटरच्या वेगाला होते, की केवळ ब्रेक दाबल्यावर होते, या तीन उत्तरांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत. द्रुतगती मार्गावर ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलू लागते आणि वेग कमी केला की थांबते, तेव्हा संशय पुढच्या चाकांच्या बॅलन्सिंगवर, खड्ड्यात वाकलेल्या रिमवर किंवा फुगवटा आलेल्या टायरवर घ्यायचा असतो. ब्रेक लावल्यावरच हादरे बसत असतील तर पुढच्या डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसण्याची शक्यता अधिक. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर वाढत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, आतला जॉइंट पाहावा. यांपैकी कशाचाही पॉवर स्टिअरिंगच्या पंपाशी संबंध नाही.

खरा गोंधळ उभ्या गाडीतील थरथरीचा आहे, आणि आपल्याकडे ती अधिक अनुभवाला येण्याचे कारणही उघड आहे. सदाशिव किंवा नारायण पेठेतील बोळात गाडी लावायची म्हणजे जागच्या जागी, पार टोकापर्यंत, पुन:पुन्हा स्टिअरिंग फिरवणे आलेच. जुन्या गाड्यांतील पॉवर स्टिअरिंग बहुधा हायड्रॉलिक, म्हणजे पंपाने दिलेल्या तेलाच्या दाबावर चालणारे, असते. त्याचा पंप बेल्टच्या साहाय्याने इंजिनवरच चालतो. म्हणजे पंपाला सर्वाधिक ताकद हवी असते त्याच क्षणी इंजिन मात्र आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला साधारण आठशे फेऱ्यांवर, कसेबसे फिरत असते. स्टिअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवले तर तेलाचा दाब रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जादा दाब सोडून देणारी झडप, उघडेपर्यंत चढतो, आणि लहान मोटारींत हा दाब ढोबळमानाने ७० ते १०० बारच्या घरात असतो. हा भार पडताच इंजिनची गती खाली येऊ नये म्हणून अनेक गाड्यांत स्टिअरिंगच्या तेलाच्या दाबावर चालणारा एक स्विच असतो; तो इंजिनच्या संगणकाला कळवतो आणि आयडल किंचित वाढवले जाते. हा स्विच किंवा त्याची वायर निकामी झाली, अथवा इंजिनला जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या थ्रॉटल बॉडीत काजळी साचली, की इंजिन दबते आणि हादरते. त्यात इंजिनची माउंटिंग, म्हणजे ते ज्यांवर टेकते ते रबरी आधार, पंधरा वर्षांची असतील, त्यांचे रबर बसलेले असेल, तर तो हादरा थेट बॉडीत आणि तेथून स्टिअरिंगच्या चाकात उतरतो. दोष इंजिनकडचा असतो आणि आळ रॅकवर येतो.

हे ओळखण्याची युक्ती फुकटची आहे. चाके सरळ ठेवून, स्टिअरिंगला हात न लावता एसी सुरू करावा. तशीच थरथर झाली तर स्टिअरिंगची यंत्रणा जवळजवळ निर्दोष सुटली असे समजावे, कारण एसीचा कॉम्प्रेसरही इंजिनवर तसाच भार टाकतो. मग एसी बंद करून दुसऱ्या माणसाला अ‍ॅक्सिलरेटरवर इंजिनची गती दीड हजारापर्यंत नेऊन धरायला सांगावे आणि स्टिअरिंग फिरवून पाहावे. थरथर नाहीशी झाली तर आयडल, माउंटिंग किंवा सैल बेल्ट यांच्याकडे वळावे. पण गतीबरोबर पंपाचा घों-घों आवाजही चढत गेला तर मात्र तेल आणि पंप तपासणे क्रमप्राप्त आहे. आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांना एका गॅरेजने संपूर्ण रॅक बदलायला सांगितले होते. एसीच्या या चाचणीनंतर दुसऱ्या मिस्त्रीने फक्त एक माउंटिंग बदलले आणि त्यांची तक्रार संपली.

बेल्टची गोष्ट थोडक्यात. तो सैल किंवा गुळगुळीत झाला की टोकाच्या वळणावर घसरतो, किंचाळतो, आणि पॉवर स्टिअरिंगची मदत क्षणभर मिळते, क्षणभर सुटते. हाताला ते धक्के जाणवतात. पावसाळ्यात बेल्टवर पाणी उडाल्यावरच हे होत असेल तर ताण तपासण्यापलीकडे काही करण्याची गरज बहुधा नसते.

स्टिअरिंगच्या तेलाबाबत मात्र विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण चुकीचे निदान सर्वाधिक येथेच होते. इंजिन चालू असताना या तेलाच्या टाकीचे झाकण उघडून पाहिल्यास तेलावर फेस किंवा बुडबुडे दिसत असतील तर त्यात हवा शिरलेली आहे. दाबाखालचे तेल एकसंध राहिले नाही की पंप गुरगुरतो आणि स्टिअरिंग कंप पावते. यावर ‘तेल कुठेच गळत नाही, मग हवा येईल कोठून?’ असा युक्तिवाद केला जातो, तो फसवा आहे. टाकीतून पंपाकडे येणारा होज (रबरी नळी) हा खेचण्याच्या बाजूचा असतो. तेथे दाब वातावरणापेक्षा कमी होतो, त्यामुळे त्याची क्लिप सैल असली, रबराला बारीक भेग गेली असली किंवा पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, कडक झाली असली तर तेल बाहेर न येता हवा आत ओढली जाते. गाडीखाली एकही डाग पडत नाही आणि बिघाड मात्र चालूच राहतो. टाकीच्या तळाची जाळी गाळाने भरली तरी पंपाला तेल पुरत नाही आणि लक्षणे हुबेहूब तशीच दिसतात. क्लिप, ओ-रिंग, होजचा तुकडा, जाळी साफ करणे, हे सारे पंपाच्या किमतीपुढे किरकोळ आहे. हवा काढण्याची रीतही साधी आहे: पुढची चाके जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहावे, पातळी उतरेल तसे तेल घालावे, आणि त्यानंतरच इंजिन सुरू करून बुडबुडे संपेपर्यंत तेच पुन्हा करावे. तेल गाडीच्या उत्पादकाने सांगितलेलेच हवे. हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. ग्लायकॉलवर आधारित ते द्रव या यंत्रणेतील रबरी सील फुगवून टाकते आणि मग रॅक खरोखरच बदलावा लागतो.

उच्च दाबाच्या होजकडे तर क्वचितच कोणाचे लक्ष जाते. पंपातून तेल अखंड धारेत येत नाही, बारीक ठोक्यांनी येते, आणि कंपनीचा मूळ होज दाबाखाली किंचित प्रसरण पावून ते ठोके शोषून घेईल अशा बेताने बनवलेला असतो. तो फुटला की मापाचा दुसरा होज प्रेस करून मिळतो. तो दाब सहन करतो, गळत नाही, पण पुरेसा लवचिक नसेल तर पंपाचा प्रत्येक ठोका रॅकपर्यंत पोहोचवतो. तीच गत पाइपची रबरी क्लिप गळून पडल्यावर तो बॉडीला टेकला की होते. म्हणून थरथर केव्हापासून सुरू झाली आणि त्याआधी गाडीचे कोणते काम झाले होते, हे मालकाने आठवून सांगणे फार उपयोगाचे असते. नाना पेठेत सुटा भाग घ्यायला गेलेल्या ग्राहकाने होजची लांबी आणि तोंडे जुळवण्यावर समाधान न मानता तो त्याच मॉडेलचा आहे ना, हेही विचारावे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने क्रम लावायचा तर हायड्रॉलिक मदत बंद पडलेली गाडी जड का होईना, वळते, कारण चाकांशी असलेली यांत्रिक जोडणी कायम असते. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाकाकडचे सांधे, यांपैकी एखादा ढिला असेल तर ती जोडणीच धोक्यात येते. तेव्हा थरथरीसोबत स्टिअरिंगमध्ये मोकळा खेळ जाणवत असेल, खडखड येत असेल, तर कात्रजचा घाट उतरण्याचा बेत रद्द करून आधी गाडी उचलून हे सांधे हाताने हलवून पाहावेत. गाडी उचललेली असतानाच, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग फिरवावे. एखाद्या ठिकाणी अडखळत असेल तर स्टिअरिंग कॉलमचा जॉइंट किंवा शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या वरचे बेअरिंग गंजलेले असू शकते.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांना यातील तेल आणि होजचा भाग लागू नाही. तेथे बॅटरी व अल्टरनेटरचा व्होल्टेज पाहून मग गाडीच्या संगणकातील बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा.

गॅरेजचालकांकडून अपेक्षा एवढीच आहे की जॉब कार्डवर ‘स्टिअरिंग व्हायब्रेशन, रॅक बदलणे’ असे न लिहिता कोणती चाचणी केली आणि तिचा निष्कर्ष काय निघाला, हे लिहावे व काढलेला भाग ग्राहकाला परत द्यावा. रॅकच्या टोकांवरील रबरी बूट (आवरणे) तेलाने भरलेले असतील किंवा रॅकच्या आतच खेळ सापडला असेल, तर तो बदलण्याला कोणाचीच हरकत नसावी. त्यानंतर व्हील अलाइनमेंट मात्र टाळू नये. आणि पंप खरोखरच झिजलेला निघाला तर नवा बसवण्यापूर्वी टाकी, पाइप व रॅकमधील जुने तेल पूर्ण काढून यंत्रणा धुऊन घ्यावी, कारण जुन्या पंपाचा धातूचा कीस त्या तेलात फिरत असतो आणि नवा पंपही त्यानेच खराब होतो.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, कोथरूड, पुणे