एम-थ्रीची तयारी करून घेणाऱ्या ताईस

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघडपणे लिहितेय. डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या डायरेक्ट सेकंड इयरला येणाऱ्या पोरापोरींपर्यंत तुझी पद्धत पोचायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आमची अडचण बाहेरच्यांच्या चटकन लक्षात येत नाही. बारावी करून आलेल्यांचे एम-वन, एम-टू, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचे पहिले दोन पेपर, पहिल्या वर्षी झालेले असतात. आम्ही एकदम तिसऱ्या पेपरच्या, एम-थ्रीच्या तासाला जाऊन बसतो, आणि प्रवेशाच्या फेऱ्या उरकेपर्यंत बरेचदा तास सुरूही झालेले असतात. सोल्डरिंग, सर्किट जोडणं यात आमचा हात बसलेला असतो. पण फळ्यावर डिफरन्शियल इक्वेशन सुटू लागलं की मधल्या पायऱ्या कुठून आल्या तेच उमगत नाही. त्यावर 'डिप्लोमावाल्यांचं मॅथ्स कच्चंच' हे ऐकून घ्यायचं.

तू तसं कधीच म्हणाली नाहीस. आपल्याच पॉलिटेक्निकमधून दोन वर्षं आधी तू त्याच वाटेनं गेली होतीस. माझा प्रवेश पक्का होण्याआधीच तू सांगितलंस, एम-थ्रीचं पुस्तक इतक्यात उघडू नकोस. त्याऐवजी पार्शल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, ट्रिगॉनॉमेट्रीची सूत्रं आणि कॉम्प्लेक्स नंबर, एवढंच करून घेतलंस. तेव्हा मला ते मागे जाणं वाटायचं. पुढे सिग्नल्सच्या तासाला लाप्लास ट्रान्सफॉर्म, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन साध्या बीजगणितात बदलायची रीत, आलं आणि उत्तर परत उलटवताना प्रत्येक इन्व्हर्सच्या पोटात पार्शल फ्रॅक्शनच निघालं, तेव्हा तुझा हिशोब कळला.

आणि तो कपॅसिटर! १० किलो-ओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ५ व्होल्टचा सप्लाय. रेझिस्टर-कपॅसिटरचा गुणाकार १० सेकंद, म्हणजे कपॅसिटर किती वेगानं भरतो त्याचं माप. तू मल्टिमीटर लावलास, माझ्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच दिलंस. दहाव्या सेकंदाला ३.१६ व्होल्टच्या जवळपास, म्हणजे ५ व्होल्टच्या ६३ टक्के. पन्नासाव्याला जवळजवळ पूर्ण. मग त्याच सर्किटचं इक्वेशन मांडायला लावलंस. सोडवल्यावर तेच ६३ टक्के कागदावर आले. असं आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) सर्किट मी डिप्लोमात कितीदा जोडलं असेल, पण आकडा वाढत जाताना त्याचा वेग का मंदावतो, हे इक्वेशनच सांगतं हे मला त्या दिवशी दिसलं. आम्हाला जे येतं तिथूनच गणिताकडे नेणारं माणूस प्रत्येक डिप्लोमावाल्याला मिळायला हवं.

एम-थ्री सुटलं, पहिल्याच फटक्यात. मार्कांपेक्षा तासाला हात वर करून शंका विचारता आली, याचा आनंद मोठा होता.

तुझं तेव्हा शेवटचं वर्ष होतं. प्रोजेक्ट, कॅम्पसच्या मुलाखती, सगळं डोक्यावर असताना तू माझ्यासाठी संध्याकाळ काढायचीस. आता माझंही शेवटचं वर्ष आहे, आणि ती एकेक संध्याकाळ केवढी मोठी होती ते मला कळतंय.

ताई, मनापासून आभार.

तुझीच,
पॉलिटेक्निकमधली ज्युनिअर