अ‍ॅफ्रोडाइटीचा तांदळा

प्रिय नीलू,

सायप्रसहून आल्यापासून तुला कधी एकदा सांगते असं झालंय, फोनवर अर्धवट राहिलं असतं म्हणून लिहितेच.

प्रेमाची देवी व्हीनस म्हटलं की आपल्याला काय आठवतं, बोत्तिचेल्लीचं चित्र ना, शिंपल्यावर उभी, ते लांब सोनेरी केस? तीच ग्रीकांची अ‍ॅफ्रोडाइटी, समुद्राच्या फेसातून जन्मली आणि सायप्रसच्या किनाऱ्याला लागली. पाफोसजवळ कुक्लिया गावात तिचं फार जुनं ठाणं होतं, आता नुसते चौथरे नि मोठाले चिरे उरलेत, शेजारी म्युझियम. मी आपली संगमरवरी मूर्ती शोधत आत गेले आणि समोर काय, तर काळपट दगड! खाली रुंद, वर निमुळता, नाक नाही, तोंड नाही. पूजेतला दगड हाच असं मानतात. अगं माझा पायच निघेना. आजीच्या गावची मरीआईच आठवली, फक्त शेंदूर नाही, चांदीचे डोळे नाहीत. तांदळाच तो, दुसरा शब्दच नाही माझ्याकडे.

रोमचा टायटस, पुढे बादशहा झाला तो, इ.स. 69 मध्ये इथे येऊन गेला. ते सांगताना रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो की देवीला माणसाचं रूप नाही आणि का ते कळत नाही. वेदीवर रक्त सांडायचं नाही, फक्त प्रार्थना आणि अग्नी. रोमन नाण्यांवरसुद्धा देऊळ आणि मधोमध हाच दगड. म्हणजे बघ, तोवर ग्रीक शिल्पकार प्रॅक्सिटेलीसने घडवलेली तिची विवस्त्र मूर्ती क्निडोस शहरात होऊन चारशे वर्षं झाली होती, ती मिळावी म्हणून एक राजा अख्ख्या शहराचं कर्ज फेडायला तयार होता, तरी लोकांनी दिली नाही! एवढं रूप माहीत असून पाफोसवाल्यांनी आपला दगड बदलला नाही, मला हे फार फार आवडलं.

आणि ती नुसती नटूनथटून बसणारी नव्हतीच गं, पूर्वेकडच्या अस्टार्टे-इश्तार या देवींशी नातं सांगतात तिचं, इश्तार तर प्रेमाची आणि युद्धाचीही देवी. स्पार्टात अ‍ॅफ्रोडाइटी शस्त्र घेतलेली होती. चित्रकारांनी हे सगळं मागे टाकलं असं मला वाटतं.

तुमच्या देवीचं शेंदराचं कवच उतरलं तेव्हा तू तिथे होतीस ना, आतला मूळ दगड बघितला म्हणाली होतीस. त्या दिवसाचं सगळं मला लिही, सविस्तर.

तुझीच,
मृदू